शाहूछत्रपतींचा खंड्या आणि श्वानचिकित्सेचीं उपेक्षित पानें

सातारा शहराच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली क्षेत्र आहे. तेथील देवालयें, घाट व समाध्या पाहावयास येणाऱ्या मनुष्यास थोरल्या शाहूमहाराजांच्या समाधिस्थानाबरोबर एका कुत्र्याचें स्मारकही दाखवितात. लोक त्या कुत्र्यास खंड्या म्हणतात. महाराज शिकारीस गेले असतां वाघाच्या तावडींतून त्यांचा जीव या कुत्र्यामुळें वांचला, ही परंपरा साताऱ्यांत लहान मुलांसही पाठ आहे.

या परंपरेस लेखी आधार बराच जुना आहे. ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून साताऱ्यास होता. त्यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ही हकीकत नमूद केली आहे. महाराजांनीं त्या कुत्र्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर घातलें, आपलें पागोटें त्याच्या डोकीवर ठेविलें, त्याच्या नांवें जहागिरीच्या सनदा दिल्या, पालखीचा मान दिला, आणि तो पालखीचा सरंजाम खरोखरच चालविण्यांत आला, असा त्या हकीकतीचा आशय आहे. डफ हा प्रकार महाराजांच्या चित्तभ्रमाच्या काळांत घालतो. साताऱ्याकडील लोक तो कृतज्ञतेचा मानतात; वैभवाचा तोरा मिरवीत आलेल्या सरदारांस शरमिंदे करण्याकरितां महाराजांनीं मुद्दाम तसें केलें, असेंही कित्येकांचें म्हणणें आहे. या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले. डफ साताऱ्यास आला तेव्हां त्या गोष्टीस सत्तर वर्षेंही लोटलीं नव्हतीं; तो दरबार ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला त्यांचे पुत्रपौत्र त्यास भेटले असले पाहिजेत. ज्या श्वानकथांचीं स्मारकें विसाव्या शतकांत उभारलीं गेलीं, त्यांच्या मानानें खंड्याची बाजू पुष्कळच भक्कम आहे, एवढें येथें म्हणून ठेवितों.

आमचें लक्ष वेधलें तें त्या हकीकतींतील पालखीच्या सरंजामानें. पालखी म्हटली कीं भोई आले, भोई म्हटले कीं रोजमुरा आला, आणि रोजमुरा म्हटला कीं हिशेब आला. ज्या कुत्र्यास पालखी होती त्यास भाकर-दूध घालणारा, अंग पुसणारा, दुखलेंखुपलें पाहणारा मनुष्यही असलाच पाहिजे. कुत्र्याचें नांव राहिलें. त्या मनुष्याचें राहिलें नाहीं. शिकारी कुत्रा म्हणजे रानांत कच्चें मांस खाणारा, गवतांतून गोचिडी अंगावर घेऊन येणारा प्राणी. त्यास जंत झाल्यावांचून राहात नाहींत. खंड्यास ते झाले असतील तेव्हां काय दिलें, आणि कोणी दिलें, हा प्रश्न आम्हीं एकदां सहज काढिला, तेव्हां एक वयोवृद्ध संग्राहक हंसले. आमच्या मतें तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि त्याचें उत्तर शोधण्याचीं साधनें ज्यांच्या घरीं आहेत अशा वाचकांसाठींच हा लेख लिहीत आहों.

प्रथम ग्रंथांकडे पाहूं. आपल्याकडे घोड्यांस शालिहोत्र मिळाला, हत्तींस पालकाप्य मिळाला. पुराणांतूनही अश्वगजांची व गाईंची चिकित्सा सांपडते. श्वानांस मात्र त्या तोलाचा आचार्य लाभला नाहीं. सुश्रुताच्या कल्पस्थानांत कुत्रा येतो तो पिसाळलेला म्हणून. तेथें दंश झालेल्या मनुष्याची चिकित्सा आहे, दंश करणाऱ्याची नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचविलेल्या मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें सारमेयविनोद म्हणून एक प्रकरण आहे. सारमेय म्हणजे देवांच्या सरमा कुत्रीची संतति. देशोदेशींचे कुत्रे व त्यांचे गुण, त्यांच्याकडून करावयाची शिकार यांचें वर्णन त्यांत येतें. आजचा सातारा-सांगलीचा मुलूख त्या काळीं चालुक्यांच्याच छत्राखालीं होता, म्हणून हा ग्रंथ आपल्यास परका नव्हे. कुमाऊंच्या रुद्रदेवाचें श्यैनिकशास्त्र हरप्रसादशास्त्र्यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास छापविलें. त्यांत ससाण्यांच्या रोगांवर औषधोपचार सविस्तर दिले आहेत. राजाच्या मनगटावर बसणाऱ्या पक्ष्यास वैद्य मिळाला, त्याच्या घोड्यापुढें धांवणाऱ्या कुत्र्यास मिळाला नाहीं.

असें कां व्हावें, याचीं दोन कारणें आम्हांस दिसतात. एक शौचाशौचविचार. यज्ञभूमीवरून हांकलून दिलेल्या सारमेयाची कथा महाभारताच्या आदिपर्वांत आरंभींच आहे. ज्यास स्पर्श झाला असतां स्नान सांगितलें, त्याच्या तोंडांत औषध घालण्याचें शास्त्र पंडितांनीं लिहावें ही अपेक्षाच व्यर्थ. दुसरें कारण याहून साधें: कुत्रे ज्यांनीं पाळिले ते धनगर, रामोशी, फांसेपारधी लिहिणारे नव्हते. श्रद्धेच्या प्रांतांत मात्र कुत्र्यास तोटा पडला नाहीं. कऱ्हाड तालुक्यांतील पालीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे. त्या देवाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. कृष्णाकांठीं औदुंबरास ज्या दत्तात्रेयांच्या पादुका पुजल्या जातात त्यांच्या पायांशीं चार श्वान असून त्यांस चार वेद मानितात. वेदांची उपमा मिळाली, परंतु जंतांचें औषध लिहून ठेविलेलें मिळालें नाहीं.

तेव्हां शोध दोन वाटांनीं करावा लागतो. एक वाट मनुष्यवैद्यकांतील कृमिविचाराची, व दुसरी परंपरेनें चालत आलेल्या झाडपाल्याची. कृमिविचार आपल्याकडे फार जुना आहे. अथर्ववेदांत दुसऱ्या व पांचव्या कांडांत कृमिनाशक सूक्तें आहेत. चरकानें विमानस्थानांत कृमींचे वीस प्रकार सांगून चिकित्सेचे तीन भाग केले आहेत: कृमि बाहेर काढणें तें अपकर्षण, ज्या स्थितींत ते वाढतात ती मोडणें तो प्रकृतिविघात, आणि ज्यापासून ते होतात तें टाळणें तें निदानपरिवर्जन. कृमि अंड्यापासून होतात व तें अंडें एका जनावराच्या पोटांतून दुसऱ्याच्या पोटांत जातें, हें चरकास ठाऊक नव्हतें. युरोपांतही एकोणिसाव्या शतकाचें पूर्वार्ध उलटेपर्यंत तें नीटसें कोणास ठाऊक नव्हतें. तरीही तीन भागांची ही वांटणी आजच्या पशुवैद्यासही नाकारतां येणार नाहीं.

आतां औषधांकडे वळूं. जुन्या औषधी बाडांत जंतांवर जीं द्रव्यें पुनःपुन्हां येतात तीं मोजकींच आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाची हकीकत पाहण्याजोगी आहे. सर्वांत मान्यता वावडिंगास. संस्कृत ग्रंथांतील विडंग तें हेंच. सह्याद्रीच्या रानांत ही वेल होते, आणि अद्यापही मराठी घरांतून तान्ह्या मुलास वावडिंगाचें पाणी देतात. दुसरें पळसपापडी, म्हणजे पळसाचें बीं. हें गोल जंतांवर देत. तिसरें कपिला. शेंदरीच्या फळांवर जी लाल पूड असते ती झटकून घेतात, तेंच हें द्रव्य. याच पुडीनें रेशीम रंगवीत, त्यामुळें एखाद्या ताळेबंदांत कपिला आढळली तर ती रंगाऱ्याकडे गेली कीं वैद्याकडे, हें खातें पाहूनच ठरवावें लागतें. चपट्या जंतांवर या पुडीचा गुण इतका दिसून आला कीं एकोणिसाव्या शतकांत ती इंग्रजी औषधकोशांतही शिरली. चौथें किरमाणी ओवा. हें नांव संग्राहकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. हा आपला स्वयंपाकघरांतला ओवा नव्हे. किरमाण हा इराणांतील प्रांत, आणि हें द्रव्य त्या बाजूनें येणाऱ्या व्यापाराचें म्हणून हें नांव. त्याच जातीच्या वनस्पतींतून १८३० सालीं सँटोनिन नांवाचें सत्त्व काढण्यांत आलें व पुढें शंभर वर्षें तें जगभर जंतांवर चाललें. खरा ओवाही या कामीं मागें राहिला नाहीं. ओव्याच्या तेलांतून थिजून मिळणारें जें ओव्याचें फूल, त्यासच पाश्चात्य थायमॉल म्हणतात. आल्प्स पर्वतांतील सेंट गॉटहार्डच्या बोगद्यांत काम करणारे मजूर आंकडीच्या जंतांनीं पांढरेफटक पडूं लागले तेव्हां इटालियन वैद्य बोझ्झोलो यानें १८८० च्या सुमारास याच द्रव्यानें त्यांस बरें केलें.

परंतु श्वानांच्या दृष्टीनें खरें विचार करण्यासारखें द्रव्य आहे सुपारी. विड्यांतील सुपारीनें चपटे जंत पडतात हें पूर्वेकडील देशांत फार पूर्वीपासून माहीत होतें. इंग्रज शिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत ती आपल्या कुत्र्यांस सर्रास द्यावयास आरंभ केला. ताजी किसलेली सुपारी घ्यावी, जुन्या पुडीचा गुण जातो, असा त्यांचा कटाक्ष असे. १८८८ सालीं तींतून अरेकोलिन हें सत्त्व निराळें करण्यांत आलें. त्याच्या क्षारानें कुत्र्यांच्या आंतड्यांतील चपटे जंत लुळे पडून जुलाबावाटे बाहेर येतात. न्यूझीलंडांत मेंढ्यांच्या रक्षणार्थ विसाव्या शतकांत हजारों कुत्र्यांस हेंच औषध वर्षानुवर्षें देण्यांत आलें. कोंकणांतील सुपारी कुंभार्लीच्या घाटानें कऱ्हाडाकडे चढत असे. सातारकर त्या सुपारीची महती विड्यापुरतीच जाणीत होते कीं त्यांचे शिकारी तिचा दुसराही उपयोग करीत होते, हें एखाद्या बाडांतील एका ओळीनें ठरूं शकेल.

येथें एक धोक्याची सूचना केलीच पाहिजे. हीं सर्व द्रव्यें विषाच्या जातीचीं आहेत. जंतास मारणारी मात्रा आणि कुत्र्यास मारणारी मात्रा यांत अंतर थोडें. सुपारीच्या सत्त्वाची मात्रा अधिक झाली तर वांत्या होऊन हृदय मंदावतें. गोचिडींवर तंबाखूचें पाणी लावण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. कुत्रा अंग चाटतो व तेंच विष पोटांत जातें. जंतांवर लसूण चारणारे लोक आम्हीं पाहिले आहेत; कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. खरजेवर करंजेलांत गंधक खलून लावीत, त्यांतील गंधकाचा गुण मात्र खरा आहे. तात्पर्य, बाडांतील औषध उतरून घ्यावें, तें कुत्र्यास देऊं नये. आजचा पशुवैद्य गोल व आंकडीच्या जंतांवर फेनबेंडॅझोल किंवा पायरँटेल व चपट्या जंतांवर प्राझिक्वांटेल देतो. तीं औषधें वजनावर मोजून दिलीं जातात व कुत्र्यास बहुधा सोसतात. गोल जंत आईच्या पोटांतच पिलांत उतरतात व आंकडीचे तिच्या दुधावाटे जातात, म्हणून पिलूं दोन आठवड्यांचें होतांच पहिली मात्रा देऊन पुढें पंधरवड्यानें, मग महिन्यानें, आणि सहा महिन्यांनंतर दर तिमाहीस औषध देण्याचा परिपाठ आहे. आयव्हरमेक्टिनचा उगम जपानांतील मातीच्या एका सूक्ष्म जीवांत आहे, व त्याच्या शोधाबद्दल २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु कॉली वगैरे विलायती मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांस तें जुमानत नाहीं व प्राणही जातो. शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सातारकरांस विचारावयास दूर जावें लागत नाहीं.

जंतांचा आणखी एक प्रकार असा आहे कीं त्याचा इतिहास कुत्र्यापेक्षां मेंढराच्या अंगावर अधिक लिहिलेला आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा आपला कमी पावसाचा टापू. येथील धनगर कळपांबरोबर दूरदूर भटकतात, आणि कळपाबरोबर कुत्रा असतोच. याच बाजूस कारवानी जातीचा लांब पायांचा, सडपातळ कुत्रा मिळतो. मुधोळच्या घोरपडे राजांनीं आश्रय दिल्यामुळें तो पुढें मुधोळचा म्हणून नांवारूपास आला. कळपांतील एखादें कोकरूं मान वांकडी करून एकाच बाजूस गरगर फिरूं लागतें व अखेर मरतें. यास कोणी बाहेरची बाधा म्हणतात, कोणी नशीब म्हणतात. खरें कारण त्याच्या मेंदूंत पाण्याचा फुगा झालेला असतो. तें कोकरूं मेल्यावर धनगर डोकें फोडून कुत्र्यापुढें टाकतो; फुग्यांतील सूक्ष्म शिरें कुत्र्याच्या आंतड्यांत जाऊन चपटे जंत बनतात; त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे कुरणांत पडतात आणि तें गवत पुढलें कोकरूं खातें. कुत्रा खडखडीत दिसतो, कळप मात्र झिजत जातो. जर्मनींत क्यूखेनमायस्टर व फॉन झीबोल्ट यांनीं १८५० नंतरच्या दशकांत असे फुगे कुत्र्यांस चारून त्यांच्या पोटांत जंत तयार होतात हें प्रत्यक्ष दाखविलें, तोंवर जगांत कोणासही हें चक्र उलगडलें नव्हतें. त्याच गणगोतांतला दुसरा एक अगदीं लहान जंत मेंढराच्या व मनुष्याच्याही काळजांत आणि फुप्फुसांत फुगे उठवितो. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसाच जेवावयास बसणाऱ्या मुलास याचें भय अधिक.

या रोगाचा प्रतिकार कसा झाला तें आइसलंड बेटाच्या उदाहरणावरून कळतें. तेथें मेंढ्या पुष्कळ, प्रत्येक शेतकऱ्याकडे कुत्रे, आणि काळजांत फुगे झालेलीं माणसें घरोघर. डेन्मार्कचा क्रॅबे नांवाचा शास्त्रज्ञ १८६३ सालीं तेथें गेला, त्यानें मेलेलीं कुत्रीं चिरून पाहिलीं, आणि पुढच्याच वर्षीं साध्या भाषेंत एक लहानशी पुस्तिका लिहिली. ती घरोघर वांटण्यांत आली. फुगे झालेलें मांस कुत्र्यास घालूं नका, जाळा किंवा पुरा. कुत्र्यास औषध द्या. एवढाच उपदेश. पुढें कायदेही झाले, आणि विसाव्या शतकांत तो रोग त्या बेटावरून नाहींसा झाला. हस्तलिखितें वाचण्याची आवड ज्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्यांत एक पुस्तिका इतकें काम करून गेली, हें वाचून आम्हांस हेवा वाटला. आमच्या धनगरांस कोणी पुस्तिका दिली नाहीं. आणि दिली असती तरी ती वाचून दाखविणारा मिळाला पाहिजे होता.

नारूविषयीं थोडें सांगून पुढें जातों. हा रोग दख्खनांत एके काळीं इतका सार्वत्रिक होता कीं जुन्या वैद्यकी बाडांत नारूवर लेप, मंत्र व तोडगे हमखास सांपडतात. पायांतून निघणारा दोरा काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा, ही रीत सर्वांस ठाऊक होती. उतरत्या पायऱ्यांच्या ज्या विहिरींत माणसें पाण्यांत पाय बुडवून पाणी भरीत, त्यांतून हा फैलावे; पाण्यांतील अगदीं सूक्ष्म किडा त्याचा वाहक, हें फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञानें १८७० सालीं शोधून काढिलें. साताऱ्याजवळ लिंब येथें शाहूमहाराजांच्याच काळांत, शके १६४१ ते १६४६ या अवधींत, विरूबाईंनीं बांधविलेली बारा मोटांची प्रसिद्ध विहीर आहे. तींतील पाणी मुख्यतः मोटेनें वर येई. पाण्यांत न उतरतां पाणी घेण्याची ही सोय आरोग्याच्या दृष्टीनेंही किती चांगली होती, तें बांधणाऱ्यांस बहुधा ठाऊक नसावें. हिंदुस्थान २००० सालीं नारूमुक्त ठरला. परंतु आफ्रिकेंतील चाड देशांत २०१२ पासून हाच नारू कुत्र्यांत मोठ्या प्रमाणावर आढळूं लागला, आणि जगांतून त्याचें उच्चाटन जें अडून राहिलें तें मुख्यतः या कुत्र्यांमुळें. माणसाचा म्हणून समजलेला कृमि कुत्र्याच्या आश्रयास जाऊन कसा तग धरतो, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

कुत्र्यांच्या कृमींविषयीं नवें ज्ञान ज्या संशोधनानें मिळालें त्यांतील कांहीं येथल्याच कुत्र्यांवर झालें आहे, आणि त्याचा अभिमान वा विषाद काय वाटावयाचा तो वाटो. ल्यूइस यानें कलकत्त्यांतील गांवठी कुत्र्यांच्या अन्ननलिकेंत व महारोहिणींत गांठी करणाऱ्या जंताचा अभ्यास १८७४ सालीं प्रसिद्ध केला. पॅटन यानें १९१० सालीं मद्रासेंतील शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत तांबड्या पेशी पोखरणारा एक सूक्ष्म जीव शोधिला. तो गोचिडीवाटे येतो, आणि कोल्ह्यांतही असतो. शिकारी कुत्र्यास ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबडी होते, आणि तो चार दिवसांत जातो. असा कुत्रा शाहूमहाराजांच्या शिकारखान्यांत गेला असेल तर दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या असतील. गोचीड हातानें वेंचून काढणें हा जुन्या काळचा एकच खरा उपाय होता, आणि तो करणारा मनुष्य, आमचा तोच अनामिक, खरा वैद्य होता. गोचीड ओढतांना तिचें तोंड कातडींत राहूं देऊं नये व ती बोटांत चिरडूं नये, हेंही अशा लोकांस अनुभवानें ठाऊक असे.

आतां संग्राहकांस विनंति. औषधांच्या बाडांविषयीं आपल्यांत एक अनास्था आहे. सनद, महजर, करीना, शकावली यांस आपण जिवापाड जपतों; औषधाचें पान निघालें कीं तें बाजूस सारतों. हा दोष आम्ही दुसऱ्यावर ठेवीत नाहीं. अनेक वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहावयास मिळालें असतां आम्हीं त्यांतील सनदा व ताळेबंद निराळे काढिले, आणि जनावरांच्या औषधांच्या चिटोऱ्या जशाच्या तशा रुमालांत कोंबून माळ्यावर परत ठेविल्या. पुढल्या पावसाळ्यांत माळा गळला. त्यांत कुत्र्याचें कांहीं होतें कीं केवळ घोड्याबैलांचेंच होतें, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. सनदेची दुसरी नक्कल सरकारी दप्तरांत सांपडूं शकते. चिटोरीची नक्कल कोठेंच नसते.

अशीं पानें वाचतांना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावें. पहिली म्हणजे वजनें. गुंज, मासा, तोळा हीं मापें गुंजांत उतरवून पाहावीं; आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. मात्रा मनुष्याची आहे कीं जनावराची, हें पुष्कळदां केवळ वजनावरूनच कळतें. दुसरी गोष्ट, औषध उपाशीं पोटीं द्यावें व मागाहून रेच द्यावा असें कोठें लिहिलें आहे काय, तें पाहावें. चपट्या जंतांवर हा क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो जेथें नेमका लिहिलेला दिसेल तेथें लिहिणाऱ्यानें प्रत्यक्ष जंत पडलेले पाहिले असण्याचा संभव अधिक. तिसरी गोष्ट अक्षराची. चांगल्या वळणाच्या मोडींत लिहिलेल्या पानावर निराळ्या, ओबडधोबड हातानें एखादी ओळ घातलेली असते. कोणा अडाण्याची भर म्हणून ती सोडून देऊं नये. पागेंतल्या किंवा शिकारखान्यांतल्या मनुष्यानें सांगितलेला अनुभव कारकुनाच्या दौतींतून क्वचितच, पण अशाच जागीं, उतरतो.

औषधी बाडांखेरीज दुसरें साधन हिशेबांचें. अठरा कारखान्यांत शिकारखाना हें एक खातें होतें. पुण्यास पर्वतीजवळ सवाई माधवरावांचा शिकारखाना तर प्रसिद्धच आहे. साताऱ्याच्या राजघराण्याचे, तसेच सांगली, मिरज, जत, फलटण, औंध येथील संस्थानिकांचे व त्यांच्या मानकऱ्यांचे कागद अद्याप पुष्कळ घरांतून आहेत. कुत्र्यांचा रतीब, म्हणजे भाकरी, दूध, मांस, यांचा खर्च कोठेंतरी पडलाच असेल. त्या रतिबाशेजारीं वावडिंग, पळसपापडी, कपिला, किरमाणी ओवा, गंधक किंवा करंजेल यांपैकीं कोणतीही जिन्नस आढळली तर त्या पानाची नक्कल मिति, खातें व वजन यांसह उतरून घ्यावी. आणि ती जिन्नस ज्याच्या हवालीं झाली त्याचें नांव तेथें असेल तर तें सर्वांआधीं टिपावें.